‘किती देते?’ : जुन्या विलायती फटफट्या आणि चौकातले मामा

अर्धीकिक

काल संध्याकाळी पुण्यात कर्वे रस्त्यावर सिग्नलला उभा होतो. कोपऱ्यावर वाहतूक पोलीस, वय फार तर सत्तावीस. त्याने आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत गाडीकडे, आणि तोंडातली शिट्टी काढून सरळ चालत आला. मी मुकाट्याने लायसन काढायला खिशात हात घातला. तर म्हणतो कसा, "काका, किती देते?"

आता बोला. या गाडीवर मी पंचेचाळीस वर्षं बसतोय. एवढ्या काळात ज्या ज्या मामांनी मला बाजूला घेतलं, त्यांतल्या निम्म्यांना माझ्या लायसनमध्ये काडीचा रस नव्हता. म्हणून हा धागा. ज्यांनी बीएसए, मॅचलेस, नॉर्टन, एरियल, ट्रायम्फ, झालंच तर जुनी बुलेट चालवली आहे (किंवा ढकलली आहे, तेही धरू) त्यांनी आपापले किस्से टाका. अट एकच, किश्श्यात पोलीस पाहिजे.

आधी आमच्या बाईसाहेबांची ओळख. बीएसए एम२०, ४९६ सीसी, एक सिलिंडर, साईड व्हॉल्व्ह. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेसाठी अशा गाड्या सव्वा लाखाच्या घरात बनल्या. कंपनी मुळात बंदुकांची, बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, म्हणून खूण काय तर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली. युद्ध संपल्यावर लष्कराने बऱ्याच गाड्या मोडीत काढल्या. त्यातलीच एक, हातोहात फिरून आलेली, आमच्या अण्णांनी १९६१च्या मे महिन्यात हजाराच्या आत घेतली. अण्णा हायस्कुलात गणिताचे मास्तर, घर नारायण पेठेत. १२ जुलैला पानशेत धरण फुटलं आणि गाडी हँडलसकट पाण्याखाली गेली. चार दिवस चिखल उपसला, तेल बदललं, ठिणगी पाडणारा मॅग्नेटो चुलीच्या उबेला वाळवला, आणि सातव्या-आठव्या किकला चालू! अण्णा पुढे आयुष्यभर सांगायचे, "जर्मनांना जे जमलं नाही ते मुठेला काय जमणार?"

ही गाडी सुरू करणं म्हणजे सत्यनारायण घालण्यासारखं आहे, क्रम चुकला की फळ नाही. आधी पेट्रोलचा कॉक उघडायचा. मग कार्ब्युरेटरवर एक चिमुकली दांडी असते, ती बोटाला पेट्रोल लागेपर्यंत दाबत राहायची. हँडलवर एक लिव्हर असतो, ठिणगी लवकर पाडायची की उशिरा ते ठरवणारा. तो मागे घ्यायचा. दुसरा लिव्हर ओढून व्हॉल्व्ह उचलायचा, किक हळूहळू दाबत पिस्टन वरच्या टोकाच्या जरासा पुढे आणायचा, लिव्हर सोडायचा, आणि अंगातला सगळा राग पायात आणून एक सलग लांब किक. ठिणगीचा लिव्हर विसरलात तर किक उलटी येते. अण्णांचा पाय त्यापायी एकदा प्लास्टरमध्ये होता आणि शाळेत त्यांनी जिन्यावरून पडलो म्हणून सांगितलं होतं.

तर किस्सा पहिला. १९८१, रात्रीचे दहा, अलका टॉकीजचा चौक. हवालदारांनी हात केला.

"ए फटफटी! बाजूला. दिवा कुठंय?"

"आहे की साहेब."

"दिसत नाही तो."

"गाडी उभी आहे ना, म्हणून. चालली की लागतो."

हे खरंच होतं. या गाडीच्या इंजिनाला बॅटरी लागत नाही, मॅग्नेटो आपली ठिणगी आपण पाडतो. बॅटरी फक्त दिव्याला. माझी मेली होती आणि नवी घ्यायला पैसे नव्हते, म्हणून दिवा थेट डायनॅमोवर. इंजिन जोरात तर दिवा जोरात, इंजिन मंद तर निरंजन.

"रेस कर बरं," हवालदार म्हणाले.

केली. दिवा पिवळा झाला.

"अजून."

पांढरा झाला. समोरच्या पानवाल्याच्या गादीवरची चुन्याची डबी दिसायला लागली. हवालदारांना आता गंमत वाटायला लागली होती. "अजून कर!" मी म्हटलं, साहेब, नको. "अरे, कर म्हणतो ना!"

केली. दिव्याने एकदा डोळे वटारले, टप्प असा आवाज आला आणि चौकाचा तेवढा कोपरा अंधारला. बॅटरी नसली की डायनॅमोला लगाम घालणारं कुणी उरत नाही, तो बल्ब जाळूनच थांबतो. हे मी सांगणार होतो, पण मला बोलू कुठे दिलं?

हवालदारांनी पावतीपुस्तक काढलं, उघडलं, थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं आणि मिटलं. आता कुणाच्या नावाने फाडणार?

"बल्ब केवढ्याला पडतो?"

"सहा व्होल्टचा आहे. जुन्या बाजारात मिळाला तर चार-पाच रुपये."

"जुना बाजार कधी असतो?"

"बुधवारी आणि रविवारी."

"आज सोमवार. बुधवारपर्यंत रात्रीची बाहेर काढू नको." असा निवाडा झाला. मी गाडी ढकलायला लागलो. दहा पावलं गेलो असेन, तर मागून हाक, "ओ! किती देते?"

चहाबिस्कीट

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)! पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत). (आणि अण्णा ग्रेट.)

नानापेठी

आमची नॉर्टन १६एच, ही पण डिस्पोजलचीच, म्हणजे लष्कराने मोडीत काढलेली. स्पीडोमीटर अर्थातच मैलांचा. हे वाक्य लक्षात ठेवा.

बारा-तेरा वर्षांपूर्वी जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने लोणावळ्याहून परत येत होतो. द्रुतगतीवर दुचाकीला बंदी, त्यामुळे कामशेत, वडगाव असा आपला म्हातारा रस्ता. गावाच्या अलीकडे ५०ची पाटी आणि झाडाखाली वेगमापक बंदूक घेऊन उभी असलेली जीप. मला थांबवलं.

"त्रेसष्ट."

"काय त्रेसष्ट?"

"स्पीड. त्रेसष्ट आलंय."

मी म्हटलं, अहो साहेब, मी सारखा काट्याकडे बघत होतो, चाळीसच्या पुढे गेला असेल तर शपथ. आणि यात एक अक्षर खोटं नव्हतं. साहेब म्हणाले, हो का, मग एक फेरी मारून दाखवा. माझ्यामागे आपला एक शिपाई बसवला, काट्यावर नजर ठेवायला. आम्ही मागे जाऊन परत आलो. शिपाई खाली उतरून म्हणाला, "साहेब, चाळीसच होता." बंदुकीवर परत त्रेसष्ट.

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. साहेबांनी बंदूक हलवून पाहिली. काच रुमालाने पुसली. समोरून येणाऱ्या एसटीवर धरली, टेम्पोवर धरली. शिपायाने बॅटरी काढून परत घातली. शेवटी साहेब मला म्हणाले, "मशीन जरा गरम झालंय. जा तुम्ही." मी मैलातला 'म' काढला नाही. गाडीला मात्र तेवढ्यात सुरू व्हायला नऊ किका लागल्या आणि नऊच्या नऊ वेळा मला वाटलं की आता यांना डायलवरची ती बारीक इंग्रजी अक्षरं दिसणार.

कीसपाडू

धागा उत्तम, पण एक हरकत नोंदवून ठेवतो. धागालेखकांनी यादीत बुलेट घातली आहे. बुलेट १९३२ साली विलायतेत जन्मली हे मान्य. पण १९५५पासून ती मद्रासला बनते आहे, आणि रेडिचचा मूळ कारखाना बंद पडून पन्नास वर्षं उलटून गेली. तिला विलायती म्हणायचं कशाच्या जोरावर?

नानापेठी

@कीसपाडू, मुलगी पन्नास वर्षं सासरी नांदली म्हणून माहेर पुसायचं का?

कीसपाडू

उपमा गोड आहे, युक्तिवाद नाही. तरी तडजोड म्हणून जुनी, म्हणजे उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक असलेली बुलेट मी चालवून घेतो. तेवढी विलायती खूण तिने मद्रासलाही बरीच वर्षं जपली. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली, आणि न्यूट्रल सापडत नाही म्हणून त्याच्यासाठी वेगळी दांडी!

पंचगंगेकाठी

काय राव, बुलेटवर भांडत बसलाय. आमची मॅचलेस ऐका.

जी३एल, ३५० सीसी. पुढचा फोर्क टेलिस्कोपिक, ते पण १९४१ सालातला. बाकीच्या मिलिटरी गाड्या तवा स्प्रिंगांवर थडाथडा उडत हुत्या. आमच्या तात्यांनी घेतली तवा गाडीत निम्मंच सामान हुतं. उरल्यालं कुठनं आलं? शिवाजी उद्यमनगरातनं. तिथं जाऊन मिस्त्रीला मोडका तुकडा दावायचा. मिस्त्री कानाला पेन्सिल, तुकडा उलटापालटा करून बघणार, "परवा या" म्हणणार. परवा गेलं की नवाकोरा तयार, आणि विलायतेपेक्षा बरा. कोल्हापुरात इंजिनं ओतणारी माणसं हाईत, एका व्हॉल्व्ह गाईडचं काय कौतुक.

तर झालं काय, मधल्या काळात इंजिनच बदललं. दुसऱ्या मॅचलेसचं घातलं. बुकात चढवायचं तात्यांच्या ध्यानातनं ऱ्हायलं. १९९४-९५चा सुमार. रंकाळ्यावर नाकाबंदी. साहेब नवीन, बाहेरगावचं. बुक घेतलं, गुडघ्यावर बसलं, रुमालानं इंजिनवरचं तेल पुसलं आणि नंबर वाचला. परत बुक. परत इंजिन.

"ओ, हे नंबर मॅच होत नाहीत."

तात्या शांत. टाकीवरचं पंखवालं 'एम' बोटानं दावलं, म्हणाले, "व्हय साहेब. म्हणून तर कंपनीनं हितं लिवलंय, मॅचलेस."

साहेब बघतच ऱ्हायलं. मागं हुबा असलेला आमच्या गल्लीतला पोलीस तोंडात टोपी कोंबून हसत हुता. दंड झाला तो झालाच, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी तात्या कागद घेऊन इंजिन बुकात चढवायला गेलं. पण पावती देताना साहेबांनी बारीक आवाजात विचारलं, "विकणार असाल तर सांगा."

चहाबिस्कीट

तात्यांना दंडवत. स्क्रीनवर चहा सांडला.

बर्मिंगहॅमची वहिनी

मी इथे फक्त वाचनमात्र असते, पण बीएसएचं गाव म्हटल्यावर राहवलं नाही. स्मॉल हीथमध्ये जिथे तो कारखाना होता तिथून आमचं घर गाडीने वीस मिनिटांवर आहे. ह्यांनी इथे आल्यावर पहिलं घर नाही घेतलं, पहिली बीएसए घेतली. बी३१, ३५० सीसी, १९५६ची. ती ह्यांच्यापेक्षा वयाने मोठी आहे आणि घरात तिचंच जास्त ऐकलं जातं.

२००४च्या उन्हाळ्यात सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. वय अडुसष्ट, कायम नऊवारी. पहिल्याच रविवारी म्हणाल्या, "बाळ, तुझ्या गाडीवर मला देवळाला ने." हेल्मेट इथे १९७३पासून सक्तीचं आहे. ते अंबाड्यावर बसेना. शेवटी अंबाडा सोडून वेणी घातली, मग बसलं. आणि सासूबाई आयुष्यभर बसत आल्या तशा एका बाजूला पाय टाकून बसल्या. मी मागून कारने.

स्ट्रॅटफर्ड रोडवर पोलिसाने थांबवलं. उंच, लालबुंद, अतिशय नम्र. त्याने समजावून सांगितलं की इथल्या कायद्याप्रमाणे मागे बसणाऱ्याने दोन्ही बाजूंना पाय टाकूनच बसायला हवं. ह्यांनी भाषांतर केलं. सासूबाईंनी पोलिसाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला म्हणाल्या, "एवढंच ना? मग आधी सांगायचं. ही काय तुमची गोल साडी आहे?" खाली उतरल्या, काष्टा एकदा नीट आवळला आणि घोड्यावर बसावं तशी टांग टाकून बसल्या. पोलीस दोन पावलं मागे सरकला. मग हेल्मेटची काच खाली करत सासूबाईंनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली, "चल. आरती निघून जाईल."

पोलिसाने काही न बोलता फक्त मान हलवली. यावरून आठवलं. इथल्या पोलिसांकडे पूर्वी व्हेलोसेट एलई नावाची गाडी असायची, हॉल ग्रीनला बनलेली, आम्ही चाललो होतो त्याच बाजूला. दोन सिलिंडर, पाण्याने थंड होणारी, आणि इतकी मऊ चालायची की आलेली कळत नसे. गस्तीला बरी. पण अडचण अशी झाली की वरिष्ठ दिसले की सलाम ठोकायचा, आणि सलामासाठी हँडलवरचा हात काढला तर तोल जायची भीती. म्हणून गाडीवर असताना नुसती मान डोलावली तरी चालेल अशी सूट मिळाली. इंग्रजीत मान डोलावणं म्हणजे 'नॉड', म्हणून लोकांनी गाडीचं नाव पाडलं नॉडी बाईक. ट्रायम्फच्या पोलीस गाडीचं नाव त्याहून भारदस्त होतं, 'सेंट', अर्थ संत, पण आद्याक्षरांची फोड 'स्टॉप एनीथिंग इन नो टाइम'. कशालाही क्षणात थांबवणारी.

कीसपाडू

त्या काळचे ड्रम ब्रेक पाहता, स्वतःला सोडून.

(सासूबाईंना साष्टांग. आपल्याकडे नियमात मागच्या चाकाला निम्मं तरी झाकणारं संरक्षण लागतं, म्हणजे आपलं साडीगार्ड. विलायतेत साड्या नाहीत, म्हणून तिकडच्या गाड्यांना ते नाही, आणि इथे आलेल्या कित्येक गाड्यांना ते लोहाराकडून ठोकून घ्यावं लागलं.)

मांडवीतीर

छोटासा. माझे बापूकाका गोव्यात पायलट. म्हणजे मोटरसायकलवर भाडं मारणारे; पुढचा मडगार्ड पिवळा, ती खूण. जुनी बुलेट होती त्यांची. एकदा नातेवाईकाकडे लग्नाला म्हणून सावंतवाडीला निघाले, बांद्याला महाराष्ट्र पोलिसांनी अडवलं. "काय करता?" काका म्हणाले, "पायलट." पोलीस म्हणाला, "मग विमान कुठं ठेवलंत?" काकांना विनोद कळलाच नाही, ते गंभीरपणे म्हणाले, "विमान न्हय रे पुता, तेल गळता म्हणून कोण बसना." सोडून दिलं.

शिट्टी_निवृत्त

मंडळी, एकतीस वर्षं खाकीत काढली, त्यातली बरीचशी चौकात. दुसरी बाजू पण येऊ द्या.

तुम्ही म्हणता मामा उगाच थांबवतात. चौकात आठ तास उभं राहून बघा एकदा. रिक्षांची किरकिर, हॉर्न, धूर, डोक्यावर ऊन. त्यात लांबून तो धग्... धग्... धग्... आवाज यायला लागला की मान आपोआप वळायची. खरं सांगू? निम्म्या वेळा नुसतं बघायला थांबवायचो. आता 'बघायला थांबवलं' असं कसं म्हणणार, म्हणून 'लायसन दाखवा'.

पण तुमच्या गाड्यांनी आम्हालाही कमी छळलेलं नाही. पहिली गोष्ट, इंडिकेटर नाहीत. तुम्ही हात दाखवणार. जुन्या माणसांना कळायचं, नवीन भरतीच्या पोरांनी ते हात फक्त परीक्षेपुरते पाठ केलेले. आमच्याकडे एक पोरगं आलं, तिखट एकदम. एक वयस्कर गृहस्थ ट्रायम्फवरून आले आणि गाडी हळू करतोय हे दाखवायला नियमाप्रमाणे उजवा हात बाहेर काढून तळवा खाली करून वर-खाली हलवला. पोराला वाटलं, आपल्याला म्हणतायत 'शांत हो, शांत हो'. पेटलं ना! "मला गप्प करता? ड्यूटीवर हाय मी!" गृहस्थ गोंधळले आणि जास्तच जोरात हात हलवायला लागले. मी रस्ता ओलांडून पोचेपर्यंत दोघं एकमेकांना शांत करत होते.

दुसरी गोष्ट धूर. एकदा मोठ्या पाहुण्यांचा ताफा येणार होता. रस्ता मोकळा केला, आणि बघतो तर कडेला एक जुनी बीएसए उभी. तीन दिवस तिथेच होती म्हणे. मालकाला घरातून शोधून आणला, बनियनवर. "काढा लवकर!" तो किका मारतोय, ती हूं की चूं करत नाही. वायरलेसवर ताफा दोन चौक मागे. शेवटी मी आणि अजून एक शिपाई, टोप्या काखेत, धक्का मारला. सुरू झाली! आणि मागून जो पांढरा-निळा ढग निघाला, बाप रे. अख्खा रस्ता गडप. मालक ढगात दिसेनासा झाला, आवाज तेवढा लांब जात होता. त्यातून ताफा गेला. वायरलेसवर साहेबांचा आवाज, "चौकात आग कुठे लागली आहे? कळवा!" मी कळवलं, "आग नाही सर, फटफटी आहे." पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "कुठली?" मी म्हटलं, "बीएसए, सर." परत शांतता. "अच्छा. माझ्या वडिलांकडे होती. ओव्हर."

अर्धीकिक

@शिट्टी_निवृत्त, दंडवत साहेब. त्या ढगाचं कारण सांगतो, नाहीतर लोकांना वाटेल इंजिन गेलेलं होतं. या गाड्यांचं तेल इंजिनाच्या पोटात नसतं, वेगळ्या टाकीत असतं. गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की ते पंपातून हळूहळू झिरपून खाली इंजिनात साठतं. मग सुरू झाल्यावर त्यातलं काही जळून धुराड्यातून बाहेर. दोन-चार मिनिटं चालली की उरलेलं टाकीत परत जातं आणि धूर थांबतो. पण ती दोन-चार मिनिटं ताफ्याला कशी सांगणार? मी स्वतः पीयूसी काढायला जाताना आधी गावाला वळसा घालून जातो.

आता मघाशी उजव्या पायातल्या गिअरचा विषय निघालाच आहे तर दुसरा किस्सा.

२०१६चा एप्रिल. सिग्नलच्या पांढऱ्या पट्ट्यावर माझं पुढचं चाक गेलं. चूक माझीच, ब्रेक लावल्यापासून गाडी थांबेपर्यंत आमच्यात जरा विचारविनिमय होतो. पोलीस तरुण, उत्साही. म्हणाला, गाडी समोरच्या चौकीला घ्या. मी म्हटलं, गरम आहे, लगेच सुरू व्हायची नाही. त्याला वाटलं म्हातारा बहाणा करतोय. "द्या इकडे. मी गाववाला आहे काका, बुलेट चालवलीय." मी म्हटलं, गिअर उजवीकडे आहे बरं का. "माहितीये हो."

आणि पहिल्या किकला सुरू झाली! माझ्याकडे कधी होत नाही. त्याने माझ्याकडे असा कटाक्ष टाकला की मी लाजलो. पहिला गिअर टाकला, सुटला झकास. पन्नास पावलांवर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ आहे. तिथपर्यंत ठीक. मग समोर एक बाई पोराला घेऊन रस्ता ओलांडायला लागल्या आणि साहेबांचा उजवा पाय सवयीने ब्रेकवर गेला. तिथे ब्रेक नव्हता, गिअर होता. गाडी थांबायच्या ऐवजी पुढच्या गिअरात गेली. त्याने अजून जोरात दाबलं. अजून एक गिअर. "काका! थांबत नाहीये!" मी पळत पळत ओरडतोय, "डावा! डावा पाय!" बाई शहाण्या, त्या केव्हाच मागे सरल्या होत्या. त्याला बरोबर क्लच आठवला, तो दाबून त्याने गाडी कडेला घेतली आणि उरलेल्या वेगाने अलगद गुऱ्हाळाच्या बाकड्याला टेकवली. रसवाल्याच्या चरकाचे घुंगरू छुन्नक छुन्नक वाजतच होते.

कुणाला काही झालं नाही. पोलीस गाडीवर तसाच बसून होता, दोन्ही हात हँडलला चिकटलेले. रसवाल्याने न विचारता दोन ग्लास पुढे केले, एकात बर्फ जास्त. अर्धा ग्लास पोटात गेल्यावर तो म्हणाला, "काका, हे चौकीत नका सांगू." मी म्हटलं, पट्ट्याचं? तर म्हणाला, "कुठला पट्टा?"

मी तरी पट्टा ओलांडल्याचा दंड भरला असता, पण त्याने पुस्तकच काढलं नाही. रसाचे पैसे मात्र त्याने दिले.

चहाबिस्कीट

छुन्नक छुन्नक! अर्धीकिककाका, एक शंका. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना वेगळा नंबर मिळतो ना आता? तुमची तर ऐंशीच्या पुढची.

अर्धीकिक

मिळतो. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. नव्याने नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. पण मग ती रोजच्या वापराला काढायची नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढंच. म्हणजे मंडईत भाजीला गेलो तर गुन्हा. अण्णांनी ती भाजी आणायलाच घेतली होती. तेव्हा आमचं जुनं टीसी बुक आणि त्यावरची तीन अक्षरं चार आकडेच बरे. बुकाला घडीवर तीनदा चिकटपट्टी लावून झाली आहे. परवा एका मामांनी ते उघडलं, दोन्ही हातांवर धरलं आणि पोथीसारखं मिटून परत दिलं.

शिट्टी_निवृत्त

चिकटपट्टी नका लावू हो, कागद पिवळा पडतो. लॅमिनेशन पण नको. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. हजारो बुकं हाताळलीत, म्हणून सांगतो.

नानापेठी

शिट्टीसाहेब, जाता जाता एक विचारतो. त्या त्रेसष्टवाल्या प्रकरणात आता काही होऊ शकतं का मला?

शिट्टी_निवृत्त

मी निवृत्त आहे. पण ज्यांनी ती बंदूक दुरुस्तीला पाठवली असेल, त्यांना हा धागा दाखवू नका.

पंचगंगेकाठी

पाच तास झालं वाचतोय. सगळं कळलं, पानशेत कळलं, डायनॅमो कळला, सासूबाई कळल्या. पण अर्धीकिक, कालच्या त्या पोराला तुम्ही उत्तर काय दिलं? किती देते?

अर्धीकिक

पेट्रोल वीसच्या आसपास, तेही उताराला. तेल विचारत असाल तर आमच्या पार्किंगमधल्या पुठ्ठ्याला विचारा, दर शनिवारी बदलतो.